जिवाला जप

परवा दवाखान्यात बीपी बघायला सिस्टरनी नेहमीचा पट्टा हातात घेतला, माझ्या दंडाकडे एकदा बघितलं, तो बाजूला ठेवला आणि ड्रॉवरमधून मोठा पट्टा काढून गुंडाळला. एक शब्द बोलल्या नाहीत. १३२/८४ आलं, त्यांनी फाईलवर लिहिलं आणि "आत जावा ताई" म्हणाल्या. बास, एवढंच झालं. आणि मी आत जायच्या आधी बाहेरच्या बाकावर दोन मिनिटं बसून राहिले, कारण मला रडू यायला लागलं होतं.

ते का आलं ते सांगायचं तर पाच वर्षं मागं जावं लागतं. तेव्हा मी इथल्याच एका दवाखान्यात गेले होते. सारखा थकवा, रात्री तीन-तीनदा लघवीला उठायचं, आणि पायाला चप्पल लागून झालेली छोटी जखम महिना झाला तरी बरी होईना. तिथं बीपीचा पट्टा माझ्या दंडाला पुरेना, लावला की तटकन सुटायचा, दोनदा झालं, तिसऱ्यांदा डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "पट्टा पण पुरंना तुम्हाला, आधी खाणं कमी करा, मग या." दार उघडं होतं. बाहेर दहा-बारा पेशंट बसलेले, त्यात आमच्या गल्लीतल्या एक काकू. कसाबसा दाबून धरून बीपी घेतलं, १५६/९८ आलं. माझी जखम त्यांनी बघितलीच नाही, मी पण दाखवली नाही. पैसे देऊन खाली मान घालून बाहेर आले आणि त्यानंतर चार वर्षं कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाही.

खूप नंतर कळलं की दंडाला लहान पडणारा पट्टा लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतं. म्हणजे एवढी बोलणी खाऊन जो आकडा मिळाला तो आकडाच धड नव्हता. पण त्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते त्या चार वर्षांचं.

कारण त्या चार वर्षांत मी रोज स्वतःला एक वाक्य सांगत होते, "आधी पाच किलो कमी करते, मग जाते दाखवायला." पाहुणे यायच्या आधी घर आवरतो ना, तसं डॉक्टरकडं जायच्या आधी मी अंग आवरायला निघाले होते. हे वाक्य किती जणींच्या तोंडी असेल! मी पतसंस्थेत काउंटरवर बसते, समोर दिवसभर बायका येतात, पासबुक भरून घेता घेता गप्पा होतात आणि मी हेच वाक्य कितीतरी वेळा ऐकलंय. गुडघा दुखालाय, पण आधी वजन कमी करते. पाळी चार महिने आली नाही, पण डॉक्टर वजनावरूनच बोलतील. त्या बायका आळशी नाहीत हो, घाबरलेल्या आहेत. लाजलेल्या आहेत. त्यातल्या कित्येक पहाटे उठून दहा माणसांचा स्वयंपाक करून विड्या वळतात नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात शिवणावर बसतात.

तर ते पाच किलो. मोबाईलवर एक चार्ट मिळाला होता, दिवसाला १२०० कॅलरी. सकाळी ओट्स, दुपारी वाटीभर सॅलड आणि पनीरचे चार तुकडे, संध्याकाळी सूप. भाकरी पूर्ण बंद. आता सोलापुरात भाकरी बंद करणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना नाही कळणार. आमच्याकडे आई रोज मालदांडी ज्वारीच्या भाकऱ्या थापते, उरलेल्या तव्यावर कडक करून फडक्यात बांधून ठेवते, घरात पाऊल टाकलं की तो खरपूस वास येतो आणि मी तिथं बसून दुधातले ओट्स गिळत होते. बाहेर एप्रिलचं ऊन, बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा. सतराव्या दिवशी रात्री साडेबाराला मला झोप येईना म्हणून उठले आणि ओट्याशी उभ्या उभ्या, लाईट न लावता, तीन कडक भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाचटणी आणि तेल घालून. आवाज होऊ नये म्हणून भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली. माझ्याच घरात, माझ्याच आईनं थापलेली भाकरी मी चोरून खाल्ली. सकाळी आईनं फडकं उघडलं, काही बोलली नाही, पण तिच्या लक्षात आलं होतं.

त्यानंतर "आता मोडलंच ना" म्हणून पुढचे पंधरा दिवस वाट्टेल ते खाल्लं. मग परत चार्ट. चार वर्षांत असं सहा वेळा झालं. दर वेळी तीन-चार किलो उतरायचे आणि पाच चढायचे. दर वेळी मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे, मला जिभेवर ताबा नाही.

मग एकदा एका प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, अन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, स्वखुशीनं आलेले होते ते. युद्धात उपासमार झालेल्यांना परत कसं खाऊ घालायचं हे शोधायचं होतं. दिवसाला साधारण १५७० कॅलरी. एवढ्या भुकेनं काय झालं तर ती मुलं दिवसरात्र जेवणाचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, चिडचिडी झाली, उदास झाली, आणि प्रयोग संपल्यावर पोट फुटेस्तोवर खाल्लं तरी कितीतरी जणांची भूक भागेना. ते पुरुष होते, आठवड्याला बावीस मैल चालायचे, त्यामुळं त्यांची आणि माझी बरोबरी सरळ लावता येत नाही, हे मान्य. पण १५७० ला लोक उपासमारीचा प्रयोग म्हणत होते आणि मी १२०० मध्ये स्वयंपाक, काउंटर, घर, सगळं करत होते, हे वाचलं आणि त्या रात्रीची भाकरी मला एकदम वेगळी दिसली. ती माझी खोट नव्हती. ते भुकेलं शरीर होतं आणि त्यानं जे करायला पाहिजे तेच केलं.

आणि गंमत नाही, खरंच अंगावर काटा आला जेव्हा कळलं की बीएमआय, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढतात तो आकडा, हे नावही याच कीज यांनी १९७२ मध्ये रूढ केलं. सूत्र त्याच्याही शंभर-दीडशे वर्षं जुनं, बेल्जियमच्या केतेले नावाच्या गणितज्ञाचं, तो खगोलशास्त्रज्ञ पण होता. त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं, कुणाचा आजार ओळखायचा नव्हता. आता २०२५ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकाच्या तज्ज्ञांच्या गटानंही सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणा ठरवू नका, कमरेचं माप बघा आणि मुख्य म्हणजे अवयवांचं काम बिघडलंय का ते बघा.

मी शेवटी दवाखान्यात कशी गेले? धाडस वगैरे काही नाही. दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टर म्हणाल्या, काढायच्या आधी शुगर बघून या, त्याशिवाय हात लावणार नाही. २४८ आली. मग तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी केली, ती ८.१. साडेसहा आणि पुढं म्हणजे डायबिटीस. कागद हातात घेऊन मी लॅबच्या जिन्यात उभी होते आणि डोळ्यासमोर आत्या.

माझी आत्या. तिला शुगर होती, गोळ्या होत्या, पण दर वेळी "बाई, वजन किती हे" ऐकून ऐकून तिनं जाणंच सोडलं होतं. पायाला जखम झाली तर तिनं सहा आठवडे हळद लावून ती पदराखाली झाकली. शेवटी सिव्हिलला नेलं तेव्हा दोन बोटं काढावी लागली. तिथल्या मुलीनं, शिकाऊ डॉक्टर असेल, आत्याला विचारलं, "आजी, आधी का नाही आलात?" आत्या म्हणाली, "रागावतात की गं." मी तिथंच होते. ऐकलं होतं. आणि तरी मी पण तेच केलं.

आता ज्या डॉक्टरांकडं जाते त्या जुळे सोलापुरात बसतात. पहिल्या दिवशी मी आत गेल्या गेल्या स्वतःच सुरू केलं, "मॅडम मला माहितीये माझं वजन लै आहे, मी कमी करतेच आहे." त्या म्हणाल्या, "झोप किती तास होते तुमची?" मला प्रश्नच कळेना. मग जेवायच्या वेळा विचारल्या, घरी कोण कोण, काम बसून का उभ्यानं, पायाला मुंग्या येतात का, डोळे कधी तपासले. पाय स्वतः हातात घेऊन बघितले, बोटांच्या मधे पण. वजन ८६ किलो भरलं, उंची पाच फूट दोन इंच. त्यांनी लिहून ठेवलं आणि म्हणाल्या, वजनाचं बघू आपण, चार-पाच किलो उतरले तरी शुगरला फरक पडतो, साठ किलो व्हायची काही गरज नाही, पण आज तुम्ही आलात हे लै चांगलं केलं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी सुरू केली. मला गोळी म्हणजे हार वाटत होती, तेही बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, चष्मा लावता तेव्हा डोळ्यांची हार होते का?

एचबीएवनसी तीन महिन्यांचीच का, हे पण त्यांनीच समजावलं. रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात जेवढी साखर त्यांना चिकटली तेवढी ती टेस्ट दाखवते. म्हणजे काल रात्री एक लाडू खाल्ला म्हणून आकडा बिघडत नाही आणि टेस्टच्या आदल्या दिवशी उपास केला म्हणून सुधारत पण नाही. हे ऐकून मला फार हलकं वाटलं. एका दिवसाचा हिशोब कुणी मागतच नाहीये.

भाकरी परत आली. रात्री एक, दुपारी दीड. ज्वारी म्हणजे औषध असं लोक सांगतात, तसं नाहीये, भाकरीनं पण साखर वाढते, डाळ, मटकीची उसळ, कांदा-काकडी, ताक बरोबर असलं की हळू वाढते, एवढंच. शेंगाचटणी दीड चमचा, तेलाची धार नाही, थेंब. रात्रीचं जेवण साडेदहाचं साडेआठला आणलं, याला घरात सगळ्यात जास्त कटकट झाली. सकाळी कंबर तलावाकडं चालायला जाते, उन्हाळ्यात साडेपाचला निघते, सातनंतर सोलापुरात चालणं शक्यच नाही. आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, दिवसातून तीनदा, पतसंस्थेतच करते, कारण स्नायूच रक्तातली साखर ओढून घेतात. आधी चारच व्हायचे.

आता मुद्द्याचं. बॉडी पॉझिटिव्हिटी, म्हणजे आपलं अंग आहे तसं न लाजता मानायचं, असं म्हटलं की आमच्या ओळखीत दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात हे सगळं लाड आहेत, जाड लोकांना सूट द्यायची थेरं. दुसरी, बहुतेक तरुण मुली, म्हणतात मी आहे तशी छान, मला टेस्ट-बिस्ट सांगू नका. मला दोन्ही पटत नाही. ही चळवळ सुरू झाली तेव्हा, १९६९ मध्ये अमेरिकेत जाड लोकांच्या हक्कांसाठी संघटना निघाली तेव्हा, मागणं होतं की जाड लोकांना माणसासारखं वागवा. म्हणजे दवाखान्यात मोठा पट्टा ठेवा. मजबूत खुर्ची ठेवा. तक्रार सांगितली तर तक्रार ऐका. स्वतःवर माया करणं म्हणजे शुगर २४८ ला "असू दे" म्हणणं नव्हे, आणि शुगर आहे म्हणून स्वतःला शिव्या देत बसणं हा काही त्यावरचा उपचार नाही. माझ्याबाबतीत तर शिव्यांनीच रोग वाढवला, हे मी आता ठामपणे सांगू शकते.

आणि या लाजेचा तोटा फक्त जाड माणसांना होत नाही. माझी जाऊ बावन्न किलोची, सगळे तिला "बघ कशी ठेवलीय तब्येत" म्हणतात. तिला कुणी कधी शुगर बघ म्हणालंच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम यावरच आहे, आपण भारतीय दिसायला बारीक पण आत चरबी जास्त. त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की लक्ष द्यायला सांगतात. मी जावेला हा फोटो दाखवला, ती हसली, पण गेली टेस्टला. ६.१ निघाली. म्हणजे काठावर. आता ती पण चालायला येते.

माझा आकडा ८.१ वरून तीन महिन्यांनी ७.३, मग ६.८. वजन ८१ वर आलं आणि तिथं थांबलं. आणि मग दिवाळी आली. घरात चकल्या, अनारसे, भाऊ आला होता मुलांना घेऊन, आठ-दहा दिवस चालणं नाही, झोप नाही, रात्री बाराला जेवणं. त्यात महिनाभर सर्दी-खोकला. जानेवारीत टेस्ट केली, ७.४.

जुनी मी असते तर फाईल कपाटात टाकली असती. खरंच सांगते, त्या दिवशी सुद्धा पहिला विचार तोच आला, आधी नीट करते मग दाखवते. टेक्सास विद्यापीठातल्या क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ २००३ पासून, आपलं काही चुकलं की स्वतःशी कसं वागावं यावर लिहितायत. त्यांच्या म्हणण्यात तीन गोष्टी आहेत: स्वतःशी दयेनं बोला, हे माझ्या एकटीचंच नाही सगळ्या माणसांचं असं होतं हे लक्षात ठेवा, आणि जे दुखतंय ते वाढवून नको, दडपून पण नको, आहे तेवढं बघा. मराठीत याला आत्मकरुणा म्हणतात, पण तो शब्द माझ्या तोंडात बसत नाही. मला आठवते आई. पहिल्या नोकरीला मी पुण्याला होते, रविवार संपला की सोमवारी पहाटे हुतात्मा एक्सप्रेसनं जायचे, आई प्लॅटफॉर्मवर यायची, कडक भाकरी-चटणीचं गाठोडं खिडकीतून द्यायची आणि गाडी हलली की एकच, "जिवाला जप गं." त्यात सगळं आलं होतं की. वेळेवर जेव, नीट झोप, आजारी पडलीस तर लपवू नकोस, कळव. बारीक हो असं त्यात कुठंच नव्हतं.

तर मी बेडवर बसून मोठ्यानं म्हणाले, जिवाला जप गं. विचित्र वाटलं, घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. मग फाईल घेऊन डॉक्टरकडं गेले. त्या म्हणाल्या दिवाळीनंतर माझ्या निम्म्या पेशंटचे आकडे वाढलेत, आणि गोळीचा डोस थोडा वाढवला. पाच मिनिटांत संपलं. ज्याला मी चार वर्षं भीत होते ते पाच मिनिटांचं होतं.

त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी, सगळ्या पाव्हण्या आलेल्या. मागच्या वर्षी म्हणाल्या होत्या "काय गं, लै अंग धरलंयस", या वर्षी त्याच म्हणाल्या "अगं बाई, किती उतरलीस, बरं नाही काय." एका मावशींना मी तिळगूळ देताना शांतपणे सांगितलं, मावशी, माझ्या अंगावर बोलू नका, मला त्रास होतो, तुमच्या गुडघ्याचं सांगा. त्या जरा गप्प झाल्या. मग गुडघ्याचं सांगायला लागल्या, अर्धा तास सांगितलं, शेवटी म्हणाल्या मला पण कुठं दाखवायची लाजच वाटते बघ. मी डॉक्टरांचा नंबर लिहून दिला.

आणि ब्लाऊज. कपाटात अकरा ब्लाऊज होते, "बारीक झाले की घालीन" म्हणून नऊ वर्षं ठेवलेले, त्यात माझ्या लग्नातला इरकलच्या साडीवरचा एक. सगळे पिशवीत घालून नवी पेठेतल्या आमच्या शिंप्याकडं नेले. त्यांनी उलटून शिवण बघितली, म्हणाले, "आतून दोन-दोन बोटं माया सोडलेली आहे की ताई, उसवून देतो." शिवणीत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात, हे मला माहीत होतं, लहानपणापासून ऐकलंय, पण त्या दिवशी दुकानात उभी असताना तो शब्द नीट ऐकला. नऊ ब्लाऊज झाले. दोघांत माया नव्हती, ते त्यांनी बाजूच्या पट्ट्या घालून वाढवले.

पुढची टेस्ट एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ७.४ चं काय होईल माहीत नाही, मार्चमध्ये घरात एक लग्न आहे आणि इयर एंडिंगला पतसंस्थेत रात्री नऊ वाजतात. तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय, मावशी पण त्याच दिवशी येणार आहेत गुडघा दाखवायला, सकाळी आठला रिक्षानं त्यांना बाळीवेशीतून घेऊन जायचं ठरलंय.